टेप ड्राइव्ह मेला म्हणायच्या आधी

टेप ड्राइव्हने, म्हणजे कॉम्प्युटरचा बॅकअप टेपच्या कार्ट्रिजवर लिहिणाऱ्या यंत्राने, एरर दिली की आधी आतली टेप बाहेर काढा आणि ज्या टेपवर चांगला बॅकअप आहे ती त्या ड्राइव्हच्या आसपाससुद्धा नेऊ नका. लोक नेमकं उलटं करतात, सोमवारची टेप चालली नाही म्हणून शुक्रवारची घालून बघतात, ती पण चालली नाही म्हणून मागच्या महिन्याची, आणि मला फोन येईपर्यंत तीन टेपांचं वाटोळं झालेलं असतं, बिघाड मात्र एकट्या ड्राइव्हमधे. त्यामुळे टेस्टिंगसाठी एक वेगळी टेप कायम ठेवा, तिच्यावर मार्करने मोठ्ठं "टेस्ट" लिहा, आणि बाकी सगळ्या कार्ट्रिजवरचा तो लेबलशेजारचा लाल खटका लॉककडे सरकवून ठेवा. नखाने सरकतो, दोन सेकंदांचं काम आहे.

मी पुण्याच्या पेठांमधल्या छोट्या ऑफिसांचं कॉम्प्युटरचं काम बघतो. सीए लोक, प्रिंटिंगवाले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ असे सगळे. पूर्वी यांच्याकडे डॅट असायचे, ती काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ४ एमएमची कॅसेट, डॅट ७२ म्हणजे ३६ जीबी, तेव्हा ते खूप वाटायचं. आता जिथे कुठे टेप आहे तिथे एलटीओ या प्रकारचीच आहे, नावापुढचा आकडा म्हणजे तिची पिढी, आणि तीही बहुतेकांकडे एलटीओ ५ किंवा ६, सेकंडहॅण्ड घेतलेली. त्यामुळे खालचं सगळं एलटीओ धरूनच वाचा.

आता ड्राइव्हकडे जा पण बंद-चालू करू नका लगेच. आधी मोबाईलने समोरच्या पॅनेलचा फोटो काढा. आयबीएमच्या ड्राइव्हला एक अक्षराचा छोटा डिस्प्ले असतो, त्यावर जे दिसतं त्याला अर्थ आहे. १ म्हणजे कूलिंगची भानगड, २ म्हणजे पॉवरची, ६ म्हणजे ड्राइव्ह किंवा टेप दोघांपैकी कोणीतरी, ७ आलं तर टेपच, ८ म्हणजे केबल-कार्डाच्या बाजूची गडबड, सी म्हणजे क्लीनिंग कर बाबा, पी म्हणजे तू लॉक केलेल्या टेपवर लिहायला बघतोयस, जे म्हणजे ही टेप मला चालत नाही. एचपीच्या ड्राइव्हवर अक्षर नसतं, दिवे असतात, त्यात क्लीनचा केशरी दिवा, टेपचा आणि ड्राइव्हचा असे वेगवेगळे, आणि टेपचा दिवा लुकलुकला म्हणजे कार्ट्रिजवर संशय, ड्राइव्हचा लुकलुकला तर मशीनवर. डब्यावर नाव तिसऱ्याच कंपनीचं असलं तरी आत बऱ्याचदा या दोघांपैकीच एक असतो, त्यामुळे स्टिकर वाचून घ्या.

यात पीचा किस्सा मी किती वेळा पाहिलाय सांगू. अर्धा तास फोनवर सगळं तपासायचं, ड्रायव्हर झाला, केबल झाली, आणि शेवटी लाल खटका. वर मीच सगळ्यांना लॉक करून ठेवा म्हणून सांगत फिरतो, त्यामुळे हे पाप माझंच.

कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसतच नाहीये, ही पहिली मोठी तक्रार. यात ड्राइव्हचा दोष क्वचित असतो. पंखा फिरतोय का बघा, डब्यामागे हात धरला की कळतं. एक्स्टेन्शन बोर्डात प्रिंटर, चहाची किटली आणि टेप ड्राइव्ह एकत्र असेल तर आधी ते सोडवा, ड्राइव्ह यूपीएसवर पाहिजे. आपल्याकडे गुरुवारी लाईट जाणार हे माहीत असतं तरी बुधवारी रात्री बॅकअप लावून सकाळी तो चालू असतानाच लाईट गेली असं होतं, आणि टेप आत असताना अशी पॉवर गेली की कार्ट्रिजच्या चिपमधे टेपवर कुठे काय आहे याची जी नोंद असते ती अर्धवट राहू शकते, मग पुढच्या वेळी टेप उघडायला किंवा फाईल शोधायला फार वेळ लागतो आणि माणूस म्हणतो ड्राइव्ह गेला.

मग केबल. एसएएसच्या, म्हणजे ड्राइव्ह कार्डाला जोडणाऱ्या, बाहेरच्या केबलीत दोन प्रकार आहेत, जुनी आठ-शून्य-आठ-आठ आणि नवी आठ-सहा-चार-चार, तोंडं वेगळी, एकमेकांत बसत नाहीत, ऑर्डर करताना दोन्ही टोकं बघून करा. तपकीर गल्लीत एलईडीच्या माळांपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सगळं मिळतं पण ही केबल मला तिथे सहज मिळालेली नाही, ऑनलाइनच मागवतो. आणि केबल भिंतीला दाबून कोनात दुमडलेली नको. टेबल मागे सरकवताना हे हमखास होतं, ड्राइव्ह दिसतो, मधेच गायब होतो, परत दिसतो, असं चालू असेल तर केबल बदलूनच बघा, वाकवून सरळ करून नाही.

कार्डाचा घोळ वेगळाच. ड्राइव्ह साध्या एचबीए कार्डाला, म्हणजे नुसतं जोडून देणाऱ्या कार्डाला, लावायचा असतो. सर्व्हरमधलं जे रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, आहे त्याला बाहेर तसंच तोंड असलं तरी बहुतेक रेड कार्डं टेपला ओळखत नाहीत, किंवा ओळखतात पण बॅकअप मधेच तुटतो. जुना ड्राइव्ह स्वस्तात घेतला आणि कार्डाचे पैसे वाचवायला तो रेड कार्डाला जोडला, असं असेल तर पुढे वाचूच नका, आधी कार्ड आणा.

चालू करायचा क्रम पण असतो, आधी ड्राइव्ह, त्याचे दिवे स्थिर झाले की मग कॉम्प्युटर. लिनक्सवर एलएसएससीएसआय नावाची कमांड देऊन बघा, यादीत टेप म्हणून एक ओळ आली पाहिजे, ती आली म्हणजे कार्ड-केबल-ड्राइव्ह ही साखळी ठीक आहे आणि भांडण बॅकअप सॉफ्टवेअरशी आहे. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमधे टेप ड्राइव्हचं वेगळं शीर्षक दिसतं. ऑटोलोडर, म्हणजे टेपा आपोआप बदलणारा डबा, असेल तर तिथे "अननोन मीडियम चेंजर" असं पिवळ्या खुणेशिवाय दिसतं, ते बघून घाबरू नका, बरीच बॅकअप सॉफ्टवेअरं ते तसंच वापरतात. आणि हो, विंडोज सर्व्हरचा स्वतःचा जो बॅकअप आहे तो २००८ च्या सर्व्हरपासून टेपवर लिहीतच नाही, डिस्कवरच लिहितो, त्याच्यात टेप शोधत बसू नका. ड्राइव्ह दिसतोय पण "बिझी" म्हणतोय तर मशीनवर दोन बॅकअप सॉफ्टवेअर टाकलेली असतात, जुन्याची सर्व्हिस मागे चालू असते आणि ती ड्राइव्ह धरून बसलेली असते. जुनी बंद करा.

दिसतोय पण टेप घेत नाही, आत ओढतो आणि बाहेर फेकतो. इथे आधी पिढी जुळते का बघायची. एलटीओ ७ पर्यंतचा हिशोब असा की ड्राइव्ह आपल्या पिढीची आणि एक मागची टेप लिहितो, दोन मागची नुसती वाचतो. म्हणजे ६ चा ड्राइव्ह ६ आणि ५ वर लिहील, ४ वाचेल, ३ ला हात लावणार नाही. एलटीओ ८ ने ही पद्धत मोडली, तो ८ आणि ७ च घेतो, ६ वाचतसुद्धा नाही, आणि ९ पण तसाच, ९ आणि ८. बऱ्याच लोकांनी नवीन ड्राइव्ह घेताना हे बघितलं नाही आणि मग कपाटातल्या जुन्या टेपा वाचायला जुना ड्राइव्ह परत विकत घेतला. एलटीओ ९ वाल्यांसाठी अजून एक, कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिला जुळवून घ्यायला बराच वेळ घेतो, चाळीस मिनिटं तर सहज, कधी दोन तासांपर्यंत. अडकली असं समजून बंद करू नका, चहा पिऊन या, मिसळही खाऊन या.

पिढी जुळत असेल तर कार्ट्रिज हातात घेऊन कानाशी हलकी हलवा. आत काही खुळखुळलं तर ती टेप बाद. खुळखुळत नसेल तर बाजूचं छोटं दार बोटाने हळू सरकवून बघा, आत एक बारीक धातूची पिन दिसते, लीडर पिन म्हणतात, ड्राइव्ह तिलाच धरून टेप बाहेर ओढतो. ती सरळ आणि जागेवर असली पाहिजे. टेप टेबलावरून खाली पडली की बाहेरून काही दिसत नाही पण ही पिन निसटते, आणि अशी टेप घातली तर ड्राइव्हची ओढायची यंत्रणा अडकू शकते. पडलेली टेप आहे हे सांगायला पोरं घाबरतात, त्यांना ओरडू नका, विचारा.

आता क्लीनिंग, यावर मी जरा जास्त बोलणार कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे.

एका स्टुडिओत, नाव नको, दसरा झाल्यावर दोन दिवसांनी फोन आला. "अहो दादा, तुमचा तो टेपचा डबा सी म्हणतोय, क्लीनिंग केलं तरी सी म्हणतोय." गेलो. ड्राइव्हवर बेल-फुल अजून तसंच. खंडेनवमीला सगळ्या मशीनची पूजा केली होती, कॅमेरे, एडिटिंगचे कॉम्प्युटर, आणि टेप ड्राइव्हला तर जिथून टेप आत जाते बरोब्बर त्या फटीवर हळद-कुंकू वाहिलं होतं, भक्तिभावाने, दोन बोटांनी दाबून. आतला पंखा समोरून हवा आत ओढतो, मग काय. त्यांनी क्लीनिंग टेप तीनदा फिरवली, पण क्लीनिंग टेप फक्त हेड, म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग, घासते, आतल्या रोलरवर आणि वाटेवर बसलेली पूड तशीच, पुढची टेप आत गेली की ती पूड परत हेडवर. आणि खरी गंमत पुढे आहे, त्या दिवशी ज्या टेपा आत गेल्या त्यांच्या पृष्ठभागावर पण ती पूड बसली, आता त्या टेपा दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमधे घातल्या तर तो पण आजारी. म्हणजे हा रोग टेपेबरोबर फिरतो. ड्राइव्ह सर्व्हिसला पाठवला आणि त्या दोन टेपा बाजूला काढल्या. स्टुडिओच्या काकांनी विचारलं, पूजा करायचीच नाही का? म्हटलं करा की, ड्राइव्हवर प्लास्टिक टाका आणि त्याच्यावर कुंकू वाहा, चालतं देवाला.

नेहमीच्या परिस्थितीत नियम साधा आहे, ड्राइव्हने मागितलं की क्लीनिंग करायचं. दर सोमवारी सवय म्हणून करायचं नाही, कारण क्लीनिंगची टेप खरखरीत असते, ती हेडला थोडं थोडं खातेच. एक युनिव्हर्सल क्लीनिंग कार्ट्रिज साधारण ५० वेळा चालते, प्रत्येक वेळी आपली टेप पुढे सरकते, आणि संपली की परत गुंडाळून वापरता येत नाही. संपलेली घातली की ड्राइव्ह क्लीनिंग करतच नाही आणि बघणारा समजतो की झालं. त्यामुळे कार्ट्रिजवर पेनाने रेघा मारत जा, दूधवाल्याच्या हिशोबासारख्या. क्लीनिंग काही मिनिटांत होतं आणि टेप आपोआप बाहेर येते. कापूस, स्पिरीट, इअरबड घेऊन आत जाऊ नका, कॅसेट प्लेयरचे दिवस गेले, एलटीओचं हेड असं पुसायचं नसतं. हवेचा डबा पण नको, धूळ आणखी आत जाते.

क्लीनिंग झालं आणि तरीही रीड-राइट एरर येतायत, तर आता टेप का ड्राइव्ह हे ठरवायचं. एका वेळी एकच गोष्ट बदला. टेस्टची टेप घाला आणि काही जीबी लिहून परत वाचून बघा. टेस्टची टेप चालली आणि नेहमीची नाही चालली तर टेप खराब. दोन्ही नाही चालल्या तर ड्राइव्हवर संशय, पण पक्कं करायला शक्य असेल तर ती टेप दुसऱ्या कुणाकडच्या ड्राइव्हवर बघा, फक्त वर सांगितलेला कुंकवाचा प्रकार लक्षात ठेवून, कुणाच्या चांगल्या ड्राइव्हचं वाटोळं करू नका. ड्राइव्ह स्वतः पण सांगत असतो. टेप अलर्ट नावाची सोय असते त्यात ६४ प्रकारचे इशारे आहेत, बॅकअप सॉफ्टवेअरच्या लॉगमधे नंबर दिसतात. ४ आला तर टेपवर संशय, ७ आला तर टेपचं आयुष्य संपलं, २० म्हणजे आत्ताच क्लीन कर, २२ म्हणजे क्लीनिंगची टेप संपलेली. एकाच टेपवर तेच इशारे येत असतील तर टेप, वेगवेगळ्या टेपांवर येत असतील तर ड्राइव्ह, हा हिशोब वहीत लिहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून प्रत्येक टेपला नंबर द्या.

कंपन्यांची फुकट टेस्टिंगची सॉफ्टवेअरं आहेत, एचपीचं लायब्ररी अँड टेप टूल्स आणि आयबीएमचं आयटीडीटी. ती चालवायला बॅकअपची सर्व्हिस बंद करावी लागते आणि त्यातल्या काही टेस्ट टेपवर लिहितात, म्हणजे असलेला डाटा उडतो, तिथे पण टेस्टचीच टेप. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर, जुना असेल तर यातूनच बदलता येतो, पण टेप बाहेर काढून, यूपीएसवर, आणि गुरुवारी नाही.

काही हुशार लोक खराब टेप "पूर्ण साफ" करायला डिगॉसर म्हणजे मोठं चुंबक लावतात. जुन्या टेपांना चालायचं ते. एलटीओच्या टेपवर कारखान्यातच सर्व्होचे ट्रॅक लिहिलेले असतात, हेडला कुठे जायचं ते त्यावरून कळतं, चुंबकाने ते पुसले की ती टेप कुठलाच ड्राइव्ह परत लिहू शकत नाही. टेप नष्टच करायची असेल तर उत्तम उपाय.

आता स्पीड. "ड्राइव्ह स्लो झालाय, आतून घर्र-थांब-घर्र असा आवाज येतो." हा आवाज ओळखायला शिका, याला शू-शाइनिंग म्हणतात, बूट पॉलिशवाला फडकं कसं मागेपुढे ओढतो तसं टेप मागेपुढे जाते. कारण असं की टेपला थांबून राहता येत नाही. डाटा येत असेल तर ती धावते, डाटा संपला तर ब्रेक मारते, तोवर पुढे गेलेली असते, मग मागे येऊन परत वेग घेऊन तिथूनच लिहायला लागते. ड्राइव्ह थोडाफार वेग कमी करून जुळवून घेतो, पण त्यालाही खालची मर्यादा आहे. एलटीओ ६ चा स्वतःचा वेग सेकंदाला १६० एमबी, साधारण ४०-५० एमबीच्या खाली डाटा आला की हे फडकं मारणं सुरू. आणि त्यात वेळच जातो असं नाही, टेप आणि हेड दोन्ही झिजतात. एलटीओ ६ ची टेप ८४६ मीटर लांब, आणि ती पूर्ण भरायला टोकापासून टोकापर्यंत १३६ फेऱ्या होतात, गुणाकार केलात तर शंभरावर किलोमीटर येतात, पुण्याहून साताऱ्याला गेल्यासारखं. सरळ एकदा जायचं तिथे दर दोनशे मीटरवर मागे येत येत गेलात तर गाडीचं काय होईल, तेच.

दोष ड्राइव्हचा नसतो, डाटा देणाऱ्याचा असतो. स्टुडिओत लाखभर छोटे जेपीजी नॅसमधून, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या डब्यातून, थेट टेपवर टाकतात, छोट्या फाईली उघड-बंद करण्यातच नॅस दमतो आणि वीस-तीस एमबीच्या वर जात नाही. गिगाबिट नेटवर्कची धावच मुळात साधारण ११० एमबीची, तेही एक मोठी फाईल असेल तर. उपाय स्वस्त आहे, टेप लावलेल्या मशीनमधे एक एसएसडी बसवा, आधी सगळा डाटा तिथे एकत्र करा, मोठ्या मोठ्या टार फाईली, म्हणजे खूप फाईलींचं एकच गाठोडं, बनवा आणि मग एका दमात टेपवर. लिनक्सवर एमबफर वापरलात तर मधे काही जीबीची टाकी भरून मग टेप सुरू होते, पाण्याच्या टाकीसारखंच, नळाला धार बारीक असली तरी टाकी भरल्यावर मोटर नीट चालते. हे केल्यावर एका ठिकाणी रात्रभर चालणारा बॅकअप साडेचार तासांवर आला, २.५ टीबीला १६० च्या वेगाने तेवढाच वेळ लागतो, गणित करून बघा.

आणि एलटीओ ६ च्या टेपवर बसतात ते २.५ टीबीच. खोक्यावर ६.२५ टीबी लिहिलेलं असतं ते दाबून, म्हणजे कॉम्प्रेस होऊन बसणाऱ्या डाटाचा अंदाज आहे. व्हिडिओ आणि जेपीजी आधीच दाबलेले असतात, ते अजून दबत नाहीत. "टेप अर्ध्यात संपली, डुप्लिकेट माल दिला" अशी तक्रार घेऊन दुकानात भांडायला जाऊ नका. सीएच्या ऑफिसात मात्र टॅलीचा आणि एक्सेलचा डाटा खरंच बराच दबतो.

जुनी टेप वाचत नाही, लिहिलेली मात्र याच ड्राइव्हवर होती, असं असेल तर टेप खराब म्हणायच्या आधी तीन प्रश्न. ब्लॉक साइज, म्हणजे टेपवर एका वेळी लिहायच्या तुकड्याचं माप, कुठली होती? टार करताना मोठी दिली असेल आणि वाचताना दिली नाही तर एरर येते, एमटी कमांडने ब्लॉक साइज शून्य करून म्हणजे बदलती ठेवून, टारला मोठा ब्लॉक देऊन बघा. एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं लिहिणं, होतं का? एलटीओ ४ पासून ड्राइव्ह स्वतःच एन्क्रिप्ट करू शकतो, आणि ती किल्ली ज्या सर्व्हरवर होती तो भंगारात गेला असेल तर टेप ठणठणीत असूनही उपयोग नाही, किल्ली कागदावर छापून तिजोरीत ठेवा. आणि तिसरा प्रश्न विचारताना मलाच वाईट वाटतं, लिहिताना एसटी-शून्य वापरलं होतं का एनएसटी-शून्य? लिनक्सवर एकाच ड्राइव्हची ही दोन नावं, एसटी वापरलं की काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीला जाते, मग दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर बसतो. एनएसटीमधे जिथे संपलं तिथेच थांबते. मंगळवारचा बॅकअप सोमवारच्यावर लिहिला गेलाय हे कळायला कधी कधी वर्ष जातं, ज्या दिवशी सोमवारचा लागतो त्या दिवशी.

टेप आत अडकली तर घाई नको. शेवटच्या टोकाला असेल तर गुंडाळून यायलाच काही मिनिटं लागतात. आधी बॅकअप सॉफ्टवेअरमधून इजेक्ट, कारण सॉफ्टवेअरने टेप धरून ठेवली असेल तर बटण दाबून काही होत नाही. मग इजेक्टचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि सोडून दहा मिनिटं वाट बघा. तरीही नाही तर ड्राइव्ह बंद करून चालू करा, तो सुरू होताना टेप सावरायचा प्रयत्न करतो, मग परत इजेक्ट. स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, केसाची पिन काही आत घालू नका. त्या टेपवर महत्त्वाचा डाटा असेल तर झाकणसुद्धा उघडू नका, डाटा रिकव्हरीवाल्याकडे ड्राइव्हसकट द्या.

पावसाळ्याचं वेगळं. जून ते सप्टेंबर मला जास्त फोन येतात. ड्राइव्हला चालताना ८० टक्क्यांपर्यंत दमटपणा चालतो असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे खिडकी उघडी ठेवलेल्या ऑफिसात जुलैमधे तो सहज त्याच्यावर जातो. एसी असलेल्या खोलीची वेगळी गंमत, तिथली गार टेप दमट खोलीत आणली की तिच्यावर चष्म्यासारखी वाफ धरते. कुठूनही आणलेली टेप त्या खोलीत एक दिवस तशीच ठेवायची, मग घालायची. एप्रिल-मेमधे गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या टेपेला पण तेच. वर्षानुवर्षं ठेवायच्या टेपांना १६ ते २५ डिग्री आणि २० ते ५० टक्के दमटपणा लागतो, म्हणजे लोखंडी कपाट तळमजल्याच्या ओल्या भिंतीला लावलेलं नको. आणि एक सेट दुसरीकडे ठेवायचा तर तो नदीकाठी किंवा ओढ्याकाठी नको. १२ जुलै १९६१ चं पानशेत जुनी माणसं अजून सांगतात, पण तेवढं मागे कशाला, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं आणि जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी कुठपर्यंत आलं ते आठवा. भिजलेली टेप ड्राइव्हमधे घालू नका आणि हेअर ड्रायरने वाळवू पण नका, तशीच पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडे.

एवढं सगळं करून ड्राइव्हच गेलाय असं ठरलं तर सर्व्हिसला पाठवताना आधी टेप काढा, अडकलेली टेप असेल तर चिठ्ठी लावा की ही आमची टेप आहे, पुसू नका. फोटो, इशाऱ्यांचे नंबर, टेस्टिंग सॉफ्टवेअरचा रिपोर्ट सोबत द्या, नाहीतर तिकडचा माणूस क्लीनिंग करून "ओके" म्हणून परत पाठवतो. आणि दुरुस्त होऊन आला की लगेच रात्रीचा बॅकअप लावू नका, टेस्टच्या टेपवर एक फोल्डर लिहा, सगळं बंद करून चालू करा, तो फोल्डर दुसऱ्या जागी रिस्टोअर करा आणि त्यातल्या चार फाईली खरंच उघडून बघा. फाईलचं नाव दिसलं म्हणजे फाईल आली असं नसतं.